उंदरांविरुद्ध सापळा : कोणता निवडावा आणि कोठे ठेवावा?

प्रतिनिधी

पुणे - गुलटेकडी येथील मार्केट यार्डाच्या भुसार विभागात दिवसभर गहू, तांदूळ, डाळी आणि गुळाची उलाढाल होते. शटर खाली आल्यावर तेथे दुसरी वर्दळ सुरू होते, ती उंदरांची. सांडलेले धान्य, गोणपाटाचे ढीग, एकमेकींना खेटून लावलेल्या थप्प्या आणि गाळ्यांमागून जाणारी गटारे, असे सर्व काही एकाच ठिकाणी मिळाल्यावर या पाहुण्यांना आणखी कशाची गरज उरत नाही. व्यापारी पिंजरे लावतात, चिकट फळ्या आणतात, औषधाच्या गोळ्या टाकतात. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा नव्या गोणीला भोक पडलेले दिसते. सापळे कमी पडल्याने असे होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चूक बहुधा सापळ्याच्या निवडीत आणि त्याच्या जागेत असते.

नुकसानीचा हिशेब

काळा उंदीर दररोज साधारण २० ग्रॅम धान्य खातो. एखाद्या ओळीतील गाळ्यांत मिळून शंभर उंदीर असतील, तर दिवसाला दोन किलो आणि वर्षाला ७३० किलो, म्हणजे सात क्विंटलांहून अधिक माल त्यांच्या पोटात जातो. खाल्लेल्या धान्यापेक्षा नासलेले धान्य कितीतरी अधिक असते. लेंड्या, मूत्र आणि केस मिसळलेला माल विक्रीयोग्य राहत नाही. कुरतडलेल्या गोणीतून धान्य गळते आणि बारदानाचाही खर्च वाढतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने भूक नसतानाही तो कुरतडतच राहतो. विजेच्या तारा कुरतडल्या गेल्यास आगीचा धोका असतो, तो वेगळाच.

याहून गंभीर प्रश्न आरोग्याचा आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून ओल्या जमिनीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतात व पायाच्या जखमेवाटे माणसाच्या शरीरात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाची मोठी साथ आली होती. पावसाळ्यात अनवाणी किंवा साध्या चपलांनी गोणी वाहणारा हमाल आणि गाळा झाडणारी स्त्री यांना हा धोका सर्वांत आधी पोचतो. पुणेकरांना तर उंदराची भीती इतिहासानेच शिकविली आहे. १८९७ मधील प्लेगने या शहराची काय दशा केली, हे सर्वश्रुत आहे. उंदरावरील पिसवांमधून हा रोग माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. बीड जिल्ह्यातील मामला गावात १९९४ मध्ये प्लेग पुन्हा डोकावला, तेव्हा आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर सोडून दिलेल्या घरांतील धान्यावर उंदीर वाढल्याची चर्चा झाली होती. धान्य आणि उंदीर यांची गाठ पडू न देणे हा म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचाही भाग ठरतो.

शत्रू एक नाही, तीन

सापळा निवडण्यापूर्वी तो कोणासाठी लावायचा, हे ठरवावे लागते. धान्याच्या गोदामांत प्रामुख्याने तीन प्रकारचे प्राणी आढळतात.

काळा उंदीर हा उत्तम चढणारा. पाइप, वायर आणि लोखंडी तुळयांवरून तो ये-जा करतो, छताखाली किंवा थप्पीच्या वरच्या थरात घरटे करतो. घूस याच्या नेमकी उलट. ती जमिनीत बिळे करते, गटाराच्या कडेने आणि फरशीखालून येते. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला, की ती घूस असल्याचे समजावे. तिसरा पिटुकला उंदीर. तो गोणीतच बस्तान मांडतो आणि सहा मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. यांच्याबरोबर चिचुंद्रीलाही पुष्कळदा मार खावा लागतो. मात्र ती मुख्यतः कीटक खाते आणि धान्याची तिला फारशी ओढ नसते.

तिघांच्या सवयीही भिन्न आहेत. काळा उंदीर व घूस नव्या वस्तूला बिचकतात. वाटेत आलेला पिंजरा ते कित्येक दिवस टाळतात. पिटुकला उंदीर मात्र चौकस. नवी वस्तू दिसली, की आधी तिची तपासणी करतो. काळा उंदीर घरट्यापासून साधारण ३० ते ५० मीटरपर्यंत हिंडतो, तर पिटुकला बहुधा १० मीटरच्या आतच फिरतो. पहिल्याला त्याच्या वाटेवर गाठता येते. दुसऱ्यासाठी सापळाच त्याच्या दाराशी न्यावा लागतो.

कोणता सापळा कशासाठी?

तारेचा पिंजरा सर्वांच्या परिचयाचा आहे. धान्याच्या जवळ तो सुरक्षित ठरतो, कारण त्यात विष नसते आणि रक्तही सांडत नाही. एकाच वेळी अनेक उंदीर पकडणारा, आत जाता येईल पण बाहेर पडता येणार नाही, अशा तोंडाचा मोठा पिंजरा गोदामासाठी अधिक उपयोगी पडतो. घुशीसाठी मात्र जाड तारेचा, भक्कम पिंजराच हवा.

स्प्रिंगचा चाप स्वस्त असून तत्काळ काम करतो. नीट बसविलेला चाप उंदराला क्षणात मारतो, त्यामुळे त्याच्या यातनाही कमी होतात. उंदराचा आणि पिटुकल्याचा चाप वेगळ्या आकाराचा असतो. मोठ्या उंदराला छोटा चाप लावल्यास तो जखमी होऊन निसटतो आणि पुन्हा चापाच्या वाटेला जात नाही.

चिकट फळी सहज मिळते, पण भुसार गाळ्यात ती फारशी टिकत नाही. हवेतील पीठ, कोंडा आणि धूळ तिच्यावर बसते व दोन दिवसांत चिकटपणा जातो. शिवाय तिला चिकटलेला प्राणी तासन् तास तडफडतो. चिमण्या, पाली, सरडेही अडकतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या फळ्यांच्या वापराविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत.

विषारी आमिष हा सापळा नव्हे, तरी त्याचा उल्लेख आवश्यक आहे. झिंक फॉस्फाइड खाऊन आजारी पडलेला पण वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही. रक्त न गोठू देणारी औषधे काही दिवसांनी परिणाम करतात. तोवर उंदीर थप्पीच्या मध्यभागी जाऊन मरतो आणि दुर्गंधी सुटल्यावर सगळी थप्पी उतरवावी लागते. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ल्यास तेही दगावू शकतात. खाद्यपदार्थांच्या गाळ्यात म्हणूनच उघड्यावर विष ठेवू नये. ते वापरायचेच झाल्यास बंद पेटीत, गाळ्याबाहेर आणि जाणकाराकडूनच वापरावे.

जागा निवडताना

उंदीर मोकळ्या फरशीवरून सहसा धावत नाही. अंगावरचे केस आणि मिशा भिंतीला घासत, अंधारातून, रोज त्याच वाटेने तो जातो. खोलीच्या मधोमध ठेवलेला पिंजरा रिकामा राहण्याचे कारण हेच. भिंतीवरील तेलकट काळपट डाग, ताज्या मऊ लेंड्या, कुरतडल्याच्या खुणा यांवरून ही वाट ओळखता येते. शंका असल्यास रात्री भिंतीच्या कडेला रांगोळीचा पातळ थर पसरावा. सकाळी पावलांचे ठसे सारी कथा सांगतात. अर्थात, उघड्या मालापासून हा प्रयोग दूरच करावा.

चाप भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. म्हणजे कोणत्याही बाजूने आलेला उंदीर त्यावरून जातो. दोन चाप शेजारी शेजारी ठेवल्यास एकावरून उडी मारणारा दुसऱ्यात सापडतो. पिंजऱ्याचे तोंड मात्र वाटेच्या रोखाने, भिंतीला लागून असावे. काळ्या उंदरासाठी पाच ते सहा मीटरवर, तर पिटुकल्यासाठी दोन ते तीन मीटरवर एक, असे अंतर योग्य मानले जाते. काळ्या उंदरासाठी काही चाप तुळयांवर आणि पाइपांवर तारेने घट्ट बांधावेत. सगळे सापळे जमिनीवर आणि उंदीर छतावर, हे चित्र अनेक गोदामांत दिसते. घुशीचा पिंजरा गटाराच्या तोंडाशी आणि वापरात असलेल्या बिळाजवळ ठेवावा.

आमिषाबाबत एक साधे तत्त्व आहे. जे मुबलक आहे त्याचे आमिष चालत नाही. शेकडो पोती गव्हाच्या राशीत राहणारा उंदीर पिंजऱ्यातील चार दाण्यांसाठी जीव कशाला धोक्यात घालेल? कोरड्या गोदामात त्याला टंचाई असते ती पाण्याची आणि ओल्या, तेलकट खाण्याची. काकडी, टोमॅटो, ओले खोबरे, भजे किंवा सुक्या मासळीचा तुकडा म्हणूनच अधिक परिणामकारक ठरतो.

बिचकणाऱ्या उंदरासाठी घाई करू नये. पहिले तीन-चार दिवस सापळे आमिष घालून, पण न लावता ठेवावेत. आमिष नियमित खाल्ले जाऊ लागले, की सर्व सापळे एकाच रात्री लावावेत. महिनाभर पाच सापळे लावण्यापेक्षा तीन रात्री पन्नास सापळे लावणे हिताचे. थोडे थोडे पकडत राहिल्यास उरलेले उंदीर सावध होतात आणि झालेली घट पिलांनी भरून निघते. उंदरीची गर्भावस्था अवघी तीन आठवड्यांची असते आणि एका वेळी सहा ते आठ पिले होतात.

एकट्याचे काम नव्हे

आज घरोघरी मुले जे संगणकीय खेळ खेळतात, त्यांत काही खेळ सहकार्याने तग धरण्याचे आहेत. २०१७ मध्ये आलेल्या ‘फोर्टनाइट : सेव्ह द वर्ल्ड’ या खेळात चौघे जण मिळून तळाचे रक्षण करतात, जमीन, भिंत आणि छत यांसाठी निरनिराळे सापळे असतात. शत्रू कोणत्या वाटेने येणार हे आधी पाहायचे, त्या वाटेवर सापळे लावायचे आणि चारही बाजू वाटून घ्यायच्या, ही त्यातील रीत. तिघांनी चोख काम केले आणि चौथी बाजू उघडी राहिली, तर सगळा तळ जातो. मार्केट यार्डातील गाळ्यांची स्थिती याहून वेगळी नाही.

लागून असलेल्या गाळ्यांची भिंत सामायिक, छत सलग आणि गटार एकच. एका व्यापाऱ्याने आपला गाळा स्वच्छ केला, तर काही दिवसांतच शेजारचे उंदीर त्या मोकळ्या जागेत येऊन राहतात. खर्च एकाचा होतो आणि लाभ कोणालाच होत नाही. यावर उपाय एकच. संपूर्ण ओळीने एकाच दिवशी झाडलोट करावी, एकाच दिवसापासून आमिष ठेवावे आणि एकाच रात्री सापळे लावावेत. साप्ताहिक सुटीच्या आदली रात्र यासाठी सोयीची, कारण दुसऱ्या दिवशी मालाची हलवाहलव नसते. उंदरांच्या वाटा सर्वांत चांगल्या ठाऊक असतात त्या रोज थप्पी लावणाऱ्या व उतरविणाऱ्या हमालांना. नियोजनात त्यांना सामील करून घेतल्यास निम्मी शोधाशोध वाचेल.

प्रत्येक सापळ्याला क्रमांक द्यावा आणि नकाशावर त्याची जागा नोंदवावी. चाळीस सापळे तीन रात्री लावले आणि अठरा उंदीर सापडले, तर १२० सापळा-रात्रींत १८, म्हणजे शंभरामागे १५ असे प्रमाण होते. पुढील महिन्यात ते पाचवर आले, तर मोहीम योग्य दिशेने चालली आहे. मात्र उंदीर सापळ्यांनाच सरावले असण्याची शक्यता असते. त्यासाठी रांगोळीवरील ठसेही कमी झाले आहेत ना, हे ताडून पाहावे.

सापळ्याआधी आणि सापळ्यानंतर

सापळा हा बचावाचा शेवटचा टप्पा आहे. शटरखालची फट पत्र्याने बंद करणे, गटाराला जाळी बसविणे, गोणी फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट अंतरावर रचणे, सांडलेले धान्य त्याच संध्याकाळी उचलणे ही कामे आधीची. ती केल्याशिवाय लावलेला सापळा म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसारही खाद्यव्यवसायाच्या जागेत उपद्रवी प्राण्यांचे नियंत्रण करणे व्यावसायिकावर बंधनकारक आहे.

सकाळी दुकान उघडण्यापूर्वी प्रत्येक सापळा पाहावा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालून, पिशवीत बंद करून त्याची विल्हेवाट लावावी आणि सापळा साबणाच्या पाण्याने धुवावा. पिंजऱ्यात अडकलेला प्राणी उन्हात ताटकळत ठेवणे किंवा गंमत म्हणून छळणे अनुचित आहे. त्याला पलीकडच्या ओळीत सोडून देणे, हा तर शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकण्याचाच प्रकार. एखाद्या भागात सापळ्याविनाच अनेक उंदीर मरून पडलेले दिसले, तर त्यांना हात न लावता महापालिकेच्या आरोग्य खात्याला तातडीने कळवावे. प्लेगच्या काळात धोक्याची पहिली सूचना अशाच मेलेल्या उंदरांनी दिली होती.

थोडक्यात महत्त्वाचे

- आधी प्राणी ओळखा, मग सापळा निवडा.
- सापळा भिंतीलगत, वाटेवर. छतावरील उंदरासाठी वरच.
- धान्याच्या गोदामात आमिष ओले किंवा तेलकट.
- तीन-चार दिवस सापळा न लावता ठेवा. नंतर सर्व सापळे एकाच रात्री लावा.
- धुळीच्या जागी चिकट फळी आणि मालाजवळ विष टाळा.
- पूर्ण ओळीने एकत्र मोहीम करा, नोंद ठेवा.
- पावसाळ्यात पायात बूट घाला. जखम झाकून ठेवा. पाण्यात काम केल्यानंतर ताप आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवा आणि कामाचे स्वरूप आवर्जून सांगा.