घाट, न्यूट्रल आणि पेट्रोलची बचत

गेल्या दहाबारा वर्षांत मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या दारी जी चार मीटरांच्या आतली, उंच बैठकीची, कॉम्पॅक्ट एसयूव्ही या नावाने ओळखली जाणारी मोटार येऊन उभी राहिली, तिच्याबरोबर कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, विम्याची पॉलिसी आणि सर्व्हिसिंगची पुस्तिका एवढेच दस्तऐवज घरात येतात असे कोणी समजू नये. आप्तेष्ट, शेजारी आणि पंपावर चाकांत हवा भरणारा इसम यांच्या मुखी नांदणारी एक मौखिक संहिताही तिच्या पाठोपाठ येते, आणि त्या संहितेचे पहिले कलम असे की, घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, म्हणजे पेट्रोल वाचते. हे कलम मी इतक्या निरनिराळ्या वयाच्या आणि विद्येच्या गृहस्थांकडून ऐकले आहे, आणि त्यांत यंत्रशास्त्राची पदवी धारण करणारेही इतके आढळले आहेत, की आता त्याचा सविस्तर समाचार घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

न्यायाने बोलायचे तर ही समजूत अगदीच निराधार जन्मलेली नाही. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर यांच्या जमान्यात इंजिनाला पेट्रोल पुरवण्याचे काम कार्बुरेटरकडे असे. तो शुद्ध यांत्रिक, गाडी चढावर आहे की उतारावर याची त्याला वार्ता नसे, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला तरी चाकांच्या जोराने फिरणारे इंजिन आपल्या निर्वाताच्या ओढीने त्याच्यातून थोडेबहुत पेट्रोल शोषून घेतच राही. तेव्हा गिअर काढून इंजिनाचे फेरे उतरवले तर काही थेंब वाचत, हे त्या काळच्या चालकांचे निरीक्षण खोटे म्हणता येणार नाही. ब्रेकवर त्याची काय किंमत पडे, तो आकडा मात्र त्यांच्या हिशेबात नसे. पुढे 1 एप्रिल 2000 पासून युरो-1 च्या तोडीचे उत्सर्जन-नियम देशभर अंमलात आले, कार्बुरेटर हळूहळू हद्दपार होऊन इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन रूढ झाले, आणि 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 लागू झाल्यावर तर नव्या मोटारीत कार्बुरेटर शोधूनही सापडण्याची शक्यता उरली नाही. यंत्र आमूलाग्र बदलले. उपदेश तेवढा जसाच्या तसा वारसाहक्काने पुढे आला.

आजच्या इंजिनावर एका छोट्या संगणकाचा अंमल चालतो. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, आणि इंजिनाचे फेरे आयडलिंगच्या मर्यादेहून पुरेसे वर आहेत, अशी खात्री होताच हा संगणक इंजेक्टरांना पेट्रोल सोडण्यास सरळ मज्जाव करतो. त्या वेळी इंजिन फिरते ते उतारावरून घरंगळू पाहणाऱ्या गाडीच्या चाकांमुळे, आणि पेट्रोलचा खर्च शून्य असतो. याउलट न्यूट्रल केले की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला मिनिटाला सातआठशे फेऱ्यांवर जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. 1.2 लिटरच्या पेट्रोल इंजिनाला नुसते चालू राहण्यासाठी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल लागते. म्हणजे तासाभराचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणारा गृहस्थ जे वाचवले म्हणून मनात जमेस धरतो, ते वस्तुतः त्याच्या खर्चाच्या बाजूला पडलेले असते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, "अहो, मी मीटरवर प्रत्यक्ष पाहिले आहे, न्यूट्रल करताच ॲव्हरेजची पट्टी शेवटापर्यंत जाते!" जाते, यात शंका नाही; परंतु ती गिअरमध्ये पाय काढल्यावरही तितकीच जाते. पुष्कळ गाड्यांत ही पट्टी एका ठरावीक आकड्यापाशी संपते, आणि त्यापलीकडे साठचे ॲव्हरेज काय आणि शून्य खर्च काय, दोन्ही तिला सारखेच. ज्यांचा एवढ्यावर इतबार बसत नसेल त्यांनी गाडीच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून इंजेक्टर किती वेळ उघडतो ते पाहावे. सेकंद दोन सेकंदांत वादाचा निकाल लागेल.

एक सवलत मला प्रामाणिकपणे दिली पाहिजे. उतार इतका सौम्य असेल की गिअरमध्ये गाडी मंदावून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा लागतो, तर तेथे न्यूट्रलमध्ये गाडी अधिक दूर वाहत जाते आणि क्वचित किंचित पेट्रोल वाचूही शकते. पण अशा रस्त्याला कोणी घाट म्हणत नाही.

आणि पेट्रोल हा या प्रकरणातला गौण मुद्दा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंच आहे. तेथून आंबेनळी घाटाने पोलादपुराकडे येताना गाडी हजार मीटरांहून खूप अधिक खाली उतरते. माणसे आणि सामान धरून दीड हजार किलोची एसयूव्ही 1,200 मीटर खाली आली, तर तिच्या ठिकाणची जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे 1 कोटी 76 लाख जूल भरते. एवढ्या उष्णतेत पन्नास लिटरांहून अधिक पाणी उकळीला येईल. टायरांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांची वजावट केली तरी यातला निम्मा भाग कोठेतरी जिरवावा लागतोच. गिअरमध्ये असताना तो बराचसा इंजिन सोसते. न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकच्या चकत्यांवर आणि ड्रमांवर येऊन पडतो. ते तापत गेले की ब्रेक पॅडांची पकड घटते, आणि ब्रेक फ्लुइड जुने झाले असेल, म्हणजे हवेतला ओलावा त्याने शोषला असेल, तर त्याचा उत्कलनबिंदू उतरलेला असतो: डॉट-4 प्रतीच्या कोऱ्या द्रवासाठी किमान 230 अंश सेल्सिअस, तर ओलावलेल्यासाठी केवळ 155. द्रव उकळून नळीत वाफ झाली की पेडल पायाखाली जमिनीपर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. बोरघाटात ब्रेक निकामी होऊन मालमोटारी पुढच्या वाहनांवर आदळल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. चारचाकी लहान असली म्हणून पदार्थविज्ञान तिला माफी देत नाही. त्यातून काही महाभाग न्यूट्रलवर न थांबता किल्लीच फिरवून इंजिन बंद करतात, त्यांच्याविषयी तर काय बोलावे! इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मदत करणारा निर्वात दोनतीन दाबांत संपतो, स्टीअरिंगची विजेची मदत जाते, आणि किल्ली पुरती काढली तर स्टीअरिंगला कुलूपही बसते.

"पण इंजिन ओरडते, त्यावर ताण येतो" ही तक्रार विशेषतः घरातील ज्येष्ठांची. दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना इंजिन अडीचतीन हजार फेऱ्यांवर फिरते, आणि ते सहा हजारांच्या आसपासपर्यंत फिरण्यासाठी बांधलेले असते. तो आवाज श्रमाचा आहे, व्याधीचा नव्हे. ज्यांच्या गाडीत एएमटी आहे त्यांनी मात्र 'डी' वर विसंबू नये, कारण पाय काढताच ती वरचा गिअर घेऊ पाहते. दांडी मॅन्युअलकडे सरकवून दुसरा गिअर धरून ठेवावा. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही बिनतोड आहे. त्याच संहितेतले हे उत्तम कलम लोक का विसरतात कोण जाणे.

उरलेल्या समजुतींना एवढी जागा देण्याचे प्रयोजन नाही. एसयूव्ही म्हणजे चारही चाकांना जोर, असे मानून समुद्राच्या वाळूत गाडी घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की या वर्गातील बहुतेक गाड्यांची केवळ पुढची चाके ओढतात, आणि त्यांची चार मीटरांची लांबी साहसासाठी नव्हे तर 2006 च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींना दिलेल्या अबकारी सवलतीसाठी ठरली. पुण्याच्या एआरएआय या मोटारी तपासणाऱ्या संस्थेने दिलेले ॲव्हरेज ही फसवणूक नव्हे. ते प्रयोगशाळेतल्या रोलरांवर, ठरावीक वेगक्रमाने मोजलेले असते, आणि त्याचा उपयोग दोन गाड्यांच्या तुलनेपुरता. टायरांत नायट्रोजन भरल्याने चमत्कार होत नाही, कारण साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. बंपरापुढे लोखंडी गार्ड बसवून गाडी सुरक्षित होत नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच त्याविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे. आणि गाडी उंच आहे म्हणून पावसाळ्यात पुलावरच्या पाण्यात घालणाऱ्यांनी तिची हवा घेण्याची नळी किती उंचीवर आहे ते आधी बॉनेट उघडून पाहावे. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा चालू करण्याचा यत्न करू नये, कारण सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड, आणि अशा इंजिनाची भरपाई साध्या पॉलिसीत सहसा बसत नसल्याने त्यासाठी इंजिन-संरक्षणाचे वेगळे कलम विम्यात आधीच घालून घ्यावे लागते.