वाहनाच्या प्लॅस्टिक भागांची निगा

धान्याच्या व्यापारात बारदानाची पारख लवकर होते. विणलेल्या प्लॅस्टिकचे पोते चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर पडून राहिले, तर हळूहळू त्याचे धागे बोटांत चुरगळू लागतात. तेच पोते गोदामाच्या सावलीत कितीतरी अधिक काळ टिकते. ही गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु दुकानासमोर दिवसभर उभ्या असणाऱ्या आपल्या मोटारीचा वा टेंपोचा काळा बंपर बहुधा त्याच द्रव्याचा असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

ह्या द्रव्याचे नाव पॉलिप्रॉपिलीन. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नात्ता यांनी १९५४ साली त्याचे आजच्या उपयोगाचे टणक रूप सिद्ध केले. पुढे १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वीच्या अँबॅसडर गाडीचे बंपर पोलादी, चकचकीत मुलाम्याचे असत. त्यांचा शत्रू गंज. आजच्या गाडीचे बंपर, चाकांवरील काळ्या कडा, आरशांची आवरणे यांस गंज चढत नाही. त्यांचा शत्रू ऊन होय.

उन्हातील अतिनील किरणांमुळे प्लॅस्टिकच्या पृष्ठभागातील रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात व तेथे डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्या भेगांवर प्रकाश विखुरतो आणि काळा भाग पांढुरका दिसू लागतो. कारखान्यात प्लॅस्टिकमध्ये काजळी व संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांनी हा ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. तात्पर्य, हा पांढुरकेपणा म्हणजे मळ नव्हे, झीज आहे. घासून तो जाणार नाही.

येथे माझी स्वतःची चूक सांगणे उचित होईल. आमच्या टेंपोच्या बंपरला दर आठवड्यास जळके ऑईल व डिझेल चोळण्याचा प्रघात होता. बंपर तत्काळ काळाभोर दिसे आणि मलाही त्याचे कौतुक वाटे. तेल भेगांत भरल्यामुळे केवळ रंग परतल्याचा भास होत होता; आत झीज चालूच होती. एके दिवशी पोत्यांच्या थप्पीस साधा धक्का लागला आणि बंपरचा कोपरा तुटून हाती आला. वहीत तोटा न लिहिल्याने तोटा भरून निघत नाही, हे जाणणाऱ्या व्यापाऱ्याने ही चूक करावी, याचे मला वैषम्य वाटले. शिवाय अशा तेलावर धूळ चिकटते व शेजारचे रबर फुगते. काहीजण गोडेतेल लावतात. ते चिकट होऊन त्यावर मुंग्या येतात व नाहक जीवहिंसा घडते.

योग्य रीत अशी आहे. सकाळी, गाडी थंड असता, सावलीत एक बादली गाळलेल्या पाण्याने काम उरकावे. प्रथम धूळ भिजवून काढावी. मग वाहनासाठी मिळणारा सौम्य शांपू मऊ फडक्याने लावावा. खरबरीत भागास मऊ ब्रश वापरावा. कपडे धुण्याची पावडर व धुण्याचा सोडा टाळावा. भाग पूर्ण कोरडा झाल्यावर अतिनील किरणांपासून रक्षण करणारा, पाण्यात बनविलेला प्लॅस्टिकचा लेप स्पंजाने पातळ लावावा व दहा मिनिटांनी उरलेला पुसून घ्यावा. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हे पुरे. पायरी, टायरची धाव, ब्रेक व समोरची काच यांवर तो लागू देऊ नये. घसरण्याचे भय असते.

रंगीत पत्र्याचे मेण काळ्या प्लॅस्टिकवर लागल्यास पांढरे डाग पडतात. ते जुन्या मऊ दातब्रशाने व साबणाच्या पाण्याने निघतात. गरम हवेच्या यंत्राने काळेपणा परत आणण्याची युक्ती सांगितली जाते. परंतु तो काळेपणा टिकत नाही, आणि हे द्रव्य सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळत असल्याने भाग वाकडा होण्याचा धोका असतो. भाग फारच पांढरा झाला असेल, पण ठिसूळ झाला नसेल, तर रंग देता येतो. मात्र पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजी धरत नाही, म्हणून आधी त्यासाठीचे खास अस्तर द्यावे लागते.

दिव्यांच्या पुढची पारदर्शक आवरणे निराळ्या प्लॅस्टिकची असतात. त्यांस पेट्रोल वा थिनर कदापि लावू नये. त्यांस तडे जातात. ती पिवळी पडली की रात्रीचा उजेड कमी होतो. येथे प्रश्न शोभेचा नसून प्राणांचा आहे. ती वेळीच घासून स्वच्छ करून घ्यावी किंवा बदलावी.

ह्या सर्वांहून स्वस्त उपाय सावलीचा. दुपारी गाडी भिंतीच्या आडोशाला लावावी, नाहीतर तिच्यावर आच्छादन घालावे. आपल्या धर्मात यत्नाचार सांगितला आहे. उठता-बसता, वस्तू घेता-ठेवता जागरूक असावे, असा त्याचा आशय. जुनी वस्तू जपून वापरली तर नवी घ्यावी लागत नाही, आणि टाकून दिलेले प्लॅस्टिक सहजी मातीत मिसळतही नाही. पोते आपण सावलीत ठेवतोच. गाडीलाही तीच सावली द्यावी.