रंगाला टेकतं ते पॅड

डिटेलिंगच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी मशीनवर जाते, मग फळीवरच्या कंपाउंड-पॉलिशच्या बाटल्यांवर. मशीन कुठलं, केवढ्याला पडलं, पॉलिश इंपोर्टेड आहे का, हे प्रश्न ठरलेले. पॅडबद्दल सहसा कोणी विचारत नाही. पण मशीन रंगाला लागतच नाही. रंगाला टेकते ती पाच-सहा इंचांची फोमची, लोकरीची किंवा मायक्रोफायबरची चकती, आणि बाटलीतलं महागडं पॉलिशही तिच्याच मार्फत कामाला लागतं. एखाद्या दुकानात काम कसं होतं हे जोखायचं असेल तर मी तिथली पॅडं बघतो. पॅडला कुबट वास येत असेल, मागचा वेल्क्रो सुटला असेल, फोमवर वाळलेल्या कंपाउंडची पापडी धरली असेल, तर तिथे गाडी सोडायला माझं मन धजत नाही.

एवढं अडून बसायचं कारण रंगाच्या जाडीत आहे. 1980च्या दशकापासून गाड्यांवर आधी रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, ही पद्धत रुळत गेली. हा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीतल्या पाण्यानं आणि एकाच फडक्यानं ओळीनं गाड्या पुसल्या जातात, तेव्हा त्या फडक्यातली माती या थरावर बारीक ओरखडे पाडते. काळी गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर गोल गोल रेघांचं जे जाळं चमकतं, ते हेच. पॉलिश करायचं म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर एकसारखा उतरवायचा. उतरलेला थर परत मिळत नाही. खराब पॅडनं केलेलं काम निस्तरायला पुन्हा एक फेरी मारावी लागते, आणि त्या फेरीचे मायक्रॉन मालकाच्या खात्यातून जातात.

फोमचं पॅड पॉलियुरेथेनचं असतं. ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी 1937 साली जर्मनीतल्या लेव्हरकुसेनला हे रसायन शोधलं. पुढे त्याचा फोम गाद्या-सोफ्यांत गेला तसा पॉलिशच्या कामातही आला. पॅडच्या फोमची छिद्रं एकमेकांत उघडणारी असतात. पॉलिशमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण या छिद्रांच्या कडा धरून ठेवतात आणि ते कण क्लिअर कोट खरवडतात. पॉलिशमधलं तेल घर्षण आवरतं. थोड्याच वेळात छिद्रांमध्ये झिजलेले कण, तेल आणि निघालेल्या क्लिअर कोटचा चुरा असा एक चिकट लगदा साठतो. चोथ्यानं भरलेल्या गाळणीतून चहा उतरत नाही, तसं भरलेल्या पॅडमध्ये नवं पॉलिश शिरत नाही. ते वरच्यावर घसरतं, त्याचे गोळे होतात. कारागीर आणखी पॉलिश घालतो, आणखी दाबतो, पॅड आणखी भरतं. आत उष्णता कोंडते, फोम मधोमध लिबलिबीत होतो, आणि रंगावर चमक यायच्या ऐवजी धुरकट झाक उरते. मग बोल लावला जातो पॉलिशला.

ड्युअल ॲक्शन मशीनवर आणखी एक अडचण येते. यात पॅड नुसतं गोल फिरत नाही, फिरता फिरता घेरा घेतं. इटलीच्या रुपेस कंपनीनं नावारूपाला आणलेल्या लांब घेऱ्याच्या मशीनांत तो 15 किंवा 21 मिलिमीटरचा असतो. या हालचालीसाठी आत वजनाचा तोल साधलेला असतो. लगद्यानं जड झालेलं पॅड तो तोल बिघडवतं. मनगटाला थरथर जाणवते, पॅडचं फिरणं मंदावतं, कधी थांबतंच. मशीनचा आवाज मात्र तसाच चालू राहतो, म्हणून नवख्याच्या लक्षात येत नाही. जाणते कारागीर पॅड ज्याला चिकटतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारून ठेवतात. रेघ फिरताना दिसली तर काम होतंय. थबकली तर आधी दाब कमी करायचा, आणि तरी हलली नाही तर पॅड भरलंय असं समजायचं.

म्हणूनच पॅडची सफाई गाडी संपल्यावर सुरू करून भागत नाही, ती चालू कामातच करावी लागते. बॉनेटचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा झाला की मशीन गाडीपासून दूर न्यायचं, पॅडचं तोंड वर करून अगदी कमी वेगावर चालू करायचं आणि नायलॉनचा मऊ ब्रश मधून कडेकडे हलकेच सरकवायचा. ब्रशच्या केसांवर पांढरट लगदा चढत जातो. तेलकट, गुळगुळीत दिसणारा फोम पुन्हा खरखरीत होतो, त्याचा मूळ रंग वर येतो, मिटलेली छिद्रं उघडतात. कॉम्प्रेसर असेल तर हवा मारणं आणखी चांगलं, फक्त तोंडाला मास्क हवा. शेवटी हाताच्या पालथ्या बाजूनं पॅडचा मध्य चाचपायचा. चटका बसला तर ते पॅड बाजूला. अशा वेळी हाताखालचा मुलगा म्हणतो, "दादा, अजून एक दरवाजा निघेल यात." दादा पॅड सोडवून त्याच्या हातात देतो, "नाही निघत रे. बादलीत टाक, दुसरं आण." गाडीला हात घालायच्या आधी पाच-सहा पॅडं तयार नसतील तर हा "दुसरं आण" म्हणायचा धीर कोणाला होत नाही. मला वाटतं, खर्च वाचवायचा तर तो मशीनवर वाचवावा, पॅडच्या संख्येवर नाही.

धुणं त्याच दिवशी झालं पाहिजे. कंपाउंड एकदा वाळून दगड झालं की फोम फाटतो पण ते निघत नाही. कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे थेंब किंवा ऑल पर्पज क्लीनर. पॅड अंगठ्यांनी दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. कपड्यासारखं पिळायचं नाही. वॅक्स किंवा सीलंट लावलेल्या पॅडला क्लीनर थोडा जास्त लागतो. बोअरच्या जड पाण्यात फेस धड होत नाही आणि क्षारही मागे राहतात, तेव्हा शेवटचं पाणी तरी हलकं घ्यावं. रात्रभर भिजत ठेवायची सवय वाईट, कारण फोम आणि वेल्क्रो यांना जोडणारा गोंद पाण्यात बसून सुटतो.

वाळवण्यात निम्मी दुकानं चुकतात. आधी तळव्यांमध्ये दाबून पाणी काढायचं. मग पॅड मशीनला लावून रिकाम्या बादलीत तोंड खाली धरायचं आणि मंद वेगावर फिरवायचं. पाणी बादलीच्या भिंतीवर उडतं. त्यानंतर फोम खाली आणि वेल्क्रो वर असं जाळीवर ठेवायचं, म्हणजे उरलेलं पाणी गोंदापासून लांब झरतं. सावली हवी, पंखा हवा. कडक ऊन किंवा हीट गन नको. मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट की वरून कोरडं वाटणारं पॅड दाबलं की आत ओल लागते. ते तसंच पिशवीत बंद केलं तर बुरशी धरते, आणि गाडीवर लावलं तर आतलं पाणी पॉलिश पातळ करतं. त्या महिन्यांत पॅडांचा जादा संच बाळगण्याला पर्याय नाही.

लोकरीच्या पॅडची तऱ्हा वेगळी. त्याचे धागे गुंतून चिकटतात, ते दातेरी चाकानं किंवा ब्रशनं मोकळे करावे लागतात. त्याला गरम पाणी चालत नाही. उष्णता, ओल आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आवळून तिचा नमदा होतो. मायक्रोफायबरचे आखूड धागे सगळ्यांत लवकर भरतात, त्यांना प्रत्येक तुकड्यानंतर हवा किंवा ब्रश हवाच. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर मात्र घालायचा नाही.

मागच्या वेल्क्रोकडे तर कोणाचं लक्षच नसतं. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला 1941 साली कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या बोंडांवरून तो सुचला. इथे आकडे प्लेटवर असतात आणि फासे पॅडच्या पाठीवर. जास्त तापलं की मधले आकडे वितळून बोथट होतात आणि पॅड चालू कामात निसटतं. ते काढताना फोम ओढू नये, कडेला बोटं घालून वेल्क्रोची पाठ सोलत यावं. परत लावताना बरोबर मध्यावर बसवावं.

रंगावरून पॅड ओळखायचं तर कंपनी माहीत हवी. रुपेसचं पिवळं पॅड बारीक फिनिशिंगचं. अमेरिकेच्या लेक कंट्री कंपनीचं पिवळं जबर खरवडणारं. दोन्ही एकाच बादलीत धुऊन एकाच डब्यात टाकली की कधीतरी फिनिशिंगच्या फेरीला भलतंच पॅड लागतं. पिशवीवर कंपनीचं आणि पॉलिशचं नाव लिहायला पाच सेकंद लागतात.

जमिनीवर पडलेलं पॅड झटकून वापरायचं नाही. फोममध्ये शिरलेला वाळूचा एक कण सबंध बॉनेटवर वर्तुळं कोरू शकतो, तेव्हा ते थेट धुण्याच्या बादलीत. कड फाटली, दाबल्यावर फोम वर येईना किंवा वेल्क्रो सुटायला लागला, की पॅडचं रंगावरचं काम संपलं. ते फेकायलाच हवं असं नाही. तुकडे करून टायर ड्रेसिंग लावायला ते उत्तम चालतं. मात्र ते तुकडे वेगळ्या डब्यात ठेवायचे, कारण टायरची माती एकदा लागलेला फोम पुन्हा रंगाच्या पॅडांजवळही येता कामा नये.