तास भरले, पण गावाला काय मिळालं?

गैरसमज : ठरलेले तास पूर्ण झाले, म्हणजे कार्यक्रम यशस्वी.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाला वर्षाला 120 असे दोन वर्षांत 240 तास काम करावं लागतं, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणात तर समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांकही मिळतात. पण तासांचा आकडा मुलांनी किती वेळ दिला एवढंच सांगतो. त्या वेळात काय घडलं, हे वेगळं तपासावं लागतं.

गैरसमज : काम डोळ्यांना दिसलं की मूल्यमापन झालं.

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्याचं उदाहरण घेऊ. हा तालुका धानाचा. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, हा इथल्या शेतीचा जुना आधार. समजा, हिवाळी शिबिरात मुलांनी बोडीतला गाळ काढला. समारोपाला फोटो निघतो, अहवाल जातो. खरी परीक्षा मात्र जुलैत, रोवणीच्या वेळी असते. पावसाने ओढ दिली तेव्हा बोडीचं पाणी खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, किती दिवस पुरलं? काढलेला गाळ कुणाच्या बांधीत पडला, की पाळीवरच राहून पहिल्या पावसात परत आत आला? हे कळायला गाळ काढण्याआधीची खोली मोजून वहीत लिहिलेली हवी. आधीची नोंदच नसेल, तर नंतरची मोजणी कशाशी ताडणार? माझ्या मते शिबिराच्या पहिल्या दिवशी फावडं हातात घेऊच नये. तो दिवस टेप आणि वहीचा.

गैरसमज : विद्यार्थ्यांनी अभिप्राय भरून दिले की पुरे.

अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यार्थी, प्राध्यापक, संस्था आणि समाज या चौघांवरचा परिणाम तपासण्याची चौकट मांडली. आपल्याकडे नेमका समाजच राहून जातो. सरपंचांचं आभारपत्र म्हणजे गावाचं मत नव्हे. रोवणीला जाणाऱ्या बायांना विचारा, ज्याच्या बांधीला पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं त्या शेतकऱ्याला विचारा. तेही प्राध्यापक समोर नसताना.

सात दिवसांत गाव कळतं, हाही एक भ्रमच. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, गावकऱ्यांमध्ये राहते. प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवलेली असतात आणि शिबिर आटोपल्यावरही त्याच घरी भेटी चालू राहतात. म्हणूनच तिथे बदल झाला की नाही, ते पाहता येतं.

कार्यक्रम अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती : या हिवाळ्यात गाव निवडाल, तेव्हाच पुढच्या जुलैतली एक भेट वेळापत्रकात घाला. आणि अहवाल विद्यापीठाकडे पाठवण्याआधी तो ग्रामसभेत वाचून दाखवा.