संस्कार म्हणजे काय हो?

"परवा मी गावाला गेलो होतो," मी पाहुण्यांना सांगत होतो. तेवढ्यात आमचे चिरंजीव म्हणाले, "नाही काही! बाबा घरीच होते." मी ओरडलो, "तुझ्यावर काही संस्कार आहेत की नाही?"

पाहुणे गेल्यावर त्याने हळूच विचारले, "बाबा, संस्कार म्हणजे काय हो?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक! लगेच सुरू झालो. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे सोळा विधी, हे संस्कार. चरकसंहितेत संस्कार म्हणजे पदार्थात नवा गुण आणणे. तांदळाचा भात होतो तो अग्नीच्या अन् पाण्याच्या संस्काराने. न्याय-वैशेषिकांनी तर तीन प्रकार सांगितले. सुटलेला बाण पुढे धावतो, तो 'वेग'. वाकवलेली फांदी सोडताच पूर्ववत होते, तो 'स्थितिस्थापक'. आणि अनुभवाचा आत राहिलेला ठसा, ती 'भावना'. ती जागी झाली की आठवण येते. हा ठसा नैयायिक आत्म्यावर मानतात, योगदर्शन चित्तावर.

इथे मात्र माझी जीभ अडखळली. ठसा उमटतो तो अनुभवाचा! 'खरे बोलावे' हे मी त्याला शेकडो वेळा सांगितले होते. पण खरे बोलल्यावर काय होते, याचा अनुभव त्याला आज मिळाला होता.

"चुकलो रे मी," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांकडे जाऊन खरे काय ते सांगितले. जाताना त्यालाही बरोबर नेले.

दोन्ही ठसे आता त्याच्या मनात राहणार. त्यांतला खोल कोणता, हे मला तो मोठा झाल्यावरच कळेल.