केळीच्या देठावरची तार

पोरांनो, त्या साळदाटी केळीच्या बेटापाशी या. पान राहू दे, त्याचा देठ उचलून खालून बघा. नितळ हिरवा आहे ना? पर्णगुच्छ रोग लागलेल्या केळीला इथंच गडद हिरवे ठिपके नि रेघा उमटतात, जुन्या तारयंत्रातल्या कट्ट-कडकट्टसारख्या. पुढची पानं मग आखूड, अरुंद, ताठ येतात आणि शेंड्याला गर्दी करून उभी राहतात. लहानपणीच लागण झाली तर घड धरतच नाही.

हे करतो एक विषाणू. त्याला ना पाय, ना पंख. त्याला नेतो मावा, सोपटाच्या आडोशाला बसणारा दीड मिलिमीटरचा काळपट किडा. त्याची मादी नराविना जिवंत पिल्लं घालते, आणि त्या पिल्लांच्या पोटात जन्माआधीच पुढची पिढी वाढू लागलेली असते! रोगी केळीचा रस काही तास प्याली की विषाणू तिच्या आतड्यातून अंगभर फिरून लाळेत येतो, तो तिच्या मरणापर्यंत. पोटच्या पिल्लांना मात्र तिच्याकडून तो मिळत नाही. माव्याची गर्दी झाली की काहींना पंख फुटतात. गोड स्रावासाठी मुंग्या माव्याची राखण करतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की सोपट सोलून बघायचं.

1913 साली फिजीहून गेलेल्या पिलांबरोबर हा रोग ऑस्ट्रेलियात पोचला आणि तिथल्या बागा बसल्या. 1920च्या दशकात मगी नावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या साथीदारांनी मावाच तो वाहतो हे दाखवलं. बागा तपासायच्या, रोगी बेटं काढायची, पिलांची ने-आण रोखायची, या शिस्तीनं त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

औषध आजही नाही. कोयत्यानं हा रोग पसरत नाही, पण खणण्याआधी फवारून मावा मारलाच पाहिजे, नाहीतर झाड वाळू लागताच तो शेजारच्या केळीवर चढतो. मग कंदासकट अख्खं बेट काढून तुकडे करायचे, एकही कोंब फुटता नये. एकाच खोडावर लक्षणं दिसली, तरी त्या बेटाचं चांगलं दिसणारं पिलही रोगी असू शकतं. पेडण्याहून डिचोलीला पिलं मायेनं येतात, मायेला ही लागण दिसत नाही.

चतुर्थीला आत्या पिल आणीन म्हणते. आणू दे, पण आधी मूळ बेटाचे देठ बघून यायला सांगा. लावल्यावर प्रत्येक नव्या पानाचा देठ तुम्ही बघायचा.