इंटरलेस्ड दूरचित्रवाणीसाठी ॲनिमेशन चित्रमालिका

इंटरलेस्ड दूरचित्रवाणीसाठी ॲनिमेशनची क्रमांकित स्थिरचित्रे विशिष्ट पद्धतीने सिद्ध करावी लागतात. भारतातील पाल पद्धतीच्या प्रक्षेपणात ६२५ रेषा असून त्यांपैकी ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र उमटते. सेकंदाला २५ पूर्ण चित्रे (फ्रेम) दाखवली जातात. मात्र प्रत्येक फ्रेम दोन अर्धचित्रांत (फील्ड) विभागून, आधी एकाआड एक रेषा व नंतर उरलेल्या रेषा, अशी पाठवली जाते. त्यामुळे पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो आणि लुकलुक कमी जाणवते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा ॲनिमेशन फिल्मवरच तयार होत असे. फिल्म्स डिव्हिजनने निर्मिलेला ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा विजया मुळे दिग्दर्शित लघुपट त्याचे परिचित उदाहरण होय. फिल्मचा वेग सेकंदाला २४ फ्रेम असतो. पाल प्रक्षेपणात ती २५ च्या वेगाने चालवली की दहा मिनिटांचा चित्रपट ९ मिनिटे ३६ सेकंदांत संपतो व आवाज किंचित चढा लागतो. दोन्ही फील्ड एकाच रेखाचित्रातून निघत असल्याने आकृतीच्या कडा मात्र फाटत नाहीत.

संगणकीय चित्रमालिका

संगणकावर प्रत्येक फील्डसाठी वेगळ्या क्षणाचे चित्र काढता येते. एका मिनिटासाठी १,५०० ऐवजी ३,००० चित्रे लागतात. ती एकाआड एक रेषा घेऊन जोडीजोडीने विणली जातात. हालचाल यामुळे नितळ दिसते. फील्डचा क्रम चुकल्यास आकृती पुढे-मागे हिसके देत सरकते, आणि संगणकाच्या पडद्यावर हा दोष बहुधा लक्षातच येत नाही. म्हणून तपासणी प्रक्षेपणाच्या प्रकारच्या मॉनिटरवरच करणे इष्ट. चित्रे सुटी व क्रमवार ठेवण्याचा लाभ असा, की काम मध्येच बंद पडल्यास उरलेलीच चित्रे पुन्हा काढावी लागतात.

देवनागरी अक्षरांचा प्रश्न

एका रेषेइतकी बारीक आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते; परिणामी ती सेकंदाला ५० ऐवजी २५ वेळाच उजळते आणि थरथरते. रोमन लिपीत अशा रेघा तुटक असतात. देवनागरीत मात्र शिरोरेषा संपूर्ण शब्दावर सलग पसरलेली असल्याने दोष ठळक दिसतो. त्यासाठी शिरोरेषा निदान दोन-तीन रेषा जाड ठेवतात अथवा चित्र उभ्या दिशेने किंचित धूसर करतात. अनुस्वाराच्या टिंबालाही हाच नियम लागू आहे.

वर सरकणाऱ्या श्रेयनामावलीत वेगाचे गणित निर्णायक ठरते. मजकूर दर फील्डला नेमकी एक रेषा सरकला, तर प्रत्येक वेळी अक्षरांचा तोच अर्धा भाग पडद्यावर येतो व उरलेला अर्धा कधीच दिसत नाही. एका रेषेची शिरोरेषा नेमकी त्या अर्ध्यात असली, तर ती पूर्णपणे लुप्त होते आणि कलावंताचे नाव वाचणे अवघड होते. दर फील्डला दोन रेषा, म्हणजे सेकंदाला १०० रेषा, हा वेग निर्दोष असतो. त्या वेगाने एक ओळ तळापासून माथ्यापर्यंत जाण्यास पावणेसहा सेकंदांच्या आसपास लागतात.

१०८० रेषांच्या इंटरलेस्ड एचडी प्रक्षेपणातही हीच विभागणी असते. आजचे सपाट पडदे दोन्ही फील्ड एकत्र करून दाखवतात. अशा वेळी वेगळ्या क्षणांच्या फील्डमुळे हलत्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसू शकतात.